एका खणांतील चार बिऱ्हाडें

आमच्या धरणगांवच्या जुन्या घरांचें माप कोणी फुटांत सांगत नसे. तें खणांत सांगत. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. "त्यांचें घर पांच खणांचें" असें कोणी म्हटलें कीं ओसरी, माजघर, धान्याच्या कणगीची जागा, सगळें ऐकणाराच्या डोळ्यांपुढें उभें राही. आपल्या भाषेनें या एका शब्दाला फार राबविलें आहे. कपाटाचा खण, पेटाऱ्याचा खण, पानाच्या डब्याचा खण. आणि ओटी भरतांना द्यावयाचा चोळीचा खण तो आणखी निराळाच. आतां या कुटुंबांत एका नव्या खणाची भर पडली आहे, आणि आजचें माझें भाषण त्याच्याविषयीं आहे. टेबलावर किंवा टेबलाखालीं ठेवावयाच्या संगणकाची जी पत्र्याची पेटी असते, तिच्या पुढच्या अंगास रुंद तोंडाचे एक-दोन कोनाडे असत. इंग्रजींत त्यांना 'बे' म्हणतात. मराठींत त्यांना खण म्हणावें असें मला वाटतें. कारण घराच्या खणाची जी गत झाली, तीच त्यांचीहि झाली.

ती गत अशी. ज्या खणांत आजोबांचें एक बिऱ्हाड ऐसपैस नांदत होतें, त्यांत वांटण्या होऊन तीन-चार बिऱ्हाडें आलीं. खांब हलले नाहींत, भिंती हलल्या नाहींत. माणसेंच अंग चोरून राहूं लागलीं. कोनाड्याचेंहि तसेंच. आमच्या ओसरीवरच्या कोनाड्यांत आजीच्या वेळीं पणती असे, वडिलांच्या वेळीं तेथें रेडिओ आला, आणि आज तेथें मोबाइल फोनची तार लोंबत असते. कोनाडा मात्र पणतीच्याच मापाचा आहे. त्याच्या माथ्यावरचें काजळहि अजून गेलेलें नाहीं.

संगणकाच्या खणाशीं माझी ओळख झाली ती एका नुकसानीमुळें झाली, हें आधींच सांगून टाकतों. सुमारें २०११ सालीं माझ्यापाशीं सव्वीस वृद्ध स्त्रियांचे आवाज जमले होते. धरणगांव आणि भोंवतालचीं खेडीं हिंडून त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आणि अहिराणी गाणीं मीं कॅसेटींवर घेतलीं होतीं. पावसाळ्यांत कॅसेटींवर बुरशी चढूं लागली, म्हणून माझ्या पुतण्यानें तीं सर्व गाणीं संगणकांत उतरवून घेतलीं. त्याच्या पेटींतील जागा अपुरी पडली. तेव्हां लोकांनीं टाकून दिलेल्या लॅपटॉपांतून निघालेल्या चार लहान हार्ड डिस्क त्यानें मिळविल्या, आणि पेटीच्या पुढच्या एकाच रिकाम्या खणांत त्या चारहि बसविल्या. मला त्याच्या हातचलाखीचें मोठें कौतुक वाटलें. "काका, एका खणांत चार बिऱ्हाडें!" असें तो म्हणाला होता. पुढें काय झालें तें ओघानें येईलच. आधीं हा खण इतका मोठा कां, आणि बिऱ्हाडें इतकीं लहान कां, हें पाहिलें पाहिजे.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हें ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला आहे त्यांना समजाविण्यास कठीण नाहीं. एक गुळगुळीत तबकडी, तिच्यावर लोहचुंबकाचा गुण धरणारा अतिशय पातळ लेप, आणि तिच्यावरून फिरणारा एक दांडा. भेद इतकाच कीं, ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि येथील दांड्याचें टोंक हवेच्या पातळ थरावर तरंगत राहतें. टेकलें तर सत्यानाश होतो. अशा तबकड्यांचें पहिलें विकाऊ यंत्र अमेरिकेतील आय्. बी. एम्. कंपनीनें सप्टेंबर १९५६ मध्यें जाहीर केलें. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका उभ्या कण्यावर ओंवलेल्या, आणि सगळ्या मिळून आठवण किती, तर पन्नास लक्ष अक्षरांची. एका जाड ग्रंथमालेचा मजकूर, आणि तो सांभाळण्यास एका टनाहून अधिक वजनाचें कपाट! हें यंत्र म्हणजे एक अविभक्त कुटुंबच होतें: पन्नास माणसें, पण चूल एक. कणा थांबला कीं पन्नासहि तबकड्या उपाशी.

असल्या यंत्रांना खण नसे. त्यांना खोली लागे. आपल्याकडेहि पहिले संगणक खोल्या अडवूनच बसले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० नांवाचा मोठा संगणक आला, तो त्या काळच्या आपल्या शास्त्रज्ञांचें तीर्थस्थान झाला होता. खानदेशांतल्या माणसानें संगणक पाहावयाचा म्हणजे मुंबईस जावें, आणि तोहि बहुधा कांचेच्या भिंतीआडून.

खणाचा जन्म झाला तो १९७६ सालीं, आणि गंमत अशी कीं तो हार्ड डिस्कसाठीं मुळीं झालाच नाहीं. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकन कंपनीनें त्या वर्षीं लवचीक तबकडीचें, म्हणजे फ्लॉपीचें, एक नवें लहान यंत्र विकावयास काढलें. (ज्याचें नांव त्या कंपनीला होतें, तो ॲलन शुगार्ट स्वतः दोन वर्षांपूर्वींच तेथून बाहेर पडला होता.) त्या फ्लॉपीची बाजू सवापांच इंचांची. ती आंत घेणारें यंत्र रुंदीला पावणेसहा इंच, उंचीला सव्वातीन इंच आणि लांबीला आठ इंच. लहान संगणक बनविणाऱ्या साऱ्या कारखानदारांनीं आपापल्या पेट्यांना याच मापाचीं भोकें पाडलीं. पणतीसाठीं कोनाडा बांधला गेला तो असा.

याच शुगार्टनें फिनिस कॉनर आणि आणखी कांहीं सहकारी यांच्यासह १९७९ सालीं नवी कंपनी काढली. तीच पुढें सीगेट या नांवानें प्रसिद्धीस आली. १९८० सालीं तिनें लहान संगणकासाठीं जी हार्ड डिस्क केली, तिचें बाहेरचें माप जाणूनबुजून त्या फ्लॉपीच्या यंत्राएवढेंच ठेविलें. हेतु सरळ होता. नव्या भाडेकरूनें भिंत पाडा म्हणून हट्ट धरला असता तर त्याला घर कोण देता? या डिस्कची आठवण पन्नास लक्ष अक्षरांचीच होती. चोवीस वर्षांपूर्वीं एक टनाच्या कपाटांत जेवढें मावलें, तेवढेंच आतां दोन विटांच्या आकारांत मावूं लागलें होतें.

यापुढचा कांहीं वर्षांचा इतिहास म्हणजे बिऱ्हाडें रोड होत जाण्याचा इतिहास आहे. प्रथम यंत्रांची उंची निम्मी झाली. सव्वातीन इंचांच्या जागीं एक इंच आणि पांच अष्टमांश. आज आपण ज्याला एक खण म्हणतों तो खरोखर या अर्ध्या उंचीचा खण होय. १९८३ सालीं स्कॉटलंडमधील रोडाइम या कंपनीनें साडेतीन इंची डिस्क काढली, आणि १९८८ सालीं अमेरिकेतील प्रेअरीटेक या कंपनीनें अडीच इंची. मोठ्या खणांत मग सी. डी. चें यंत्र राहावयास आलें, आणि हार्ड डिस्क आंतल्या लहान कप्प्यांत सरकली. या इंचांवर मात्र विश्वास ठेवूं नये. साडेतीन इंची डिस्क साडेतीन इंचांची नसते. ती चार इंच रुंद असते. हीं नांवें आंतल्या तबकडीवरून किंवा तिच्या फ्लॉपी भावंडावरून पडलीं आहेत. पावशेर शब्द शेर गेल्यावरहि राहिला, तशांतलाच हा प्रकार.

परंतु या मापांत एक सौंदर्य आहे, तें सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीं. मूळ यंत्राचा तळ पावणेसहा इंच गुणिलें आठ इंच. त्याची धोतरासारखी मधोमध घडी घाला. चार गुणिलें पावणेसहा झालें. साडेतीन इंची डिस्कचा तळ हाच. आणखी एक घडी घाला. पावणेतीनच्या आसपास गुणिलें चार. अडीच इंची डिस्कचा तळहि जवळजवळ हाच. म्हणजे मोठ्या यंत्राच्या तळावर मधलीं दोन आणि धाकटीं चार बसावींत असा हिशेब आपोआप जुळून आला. उंचीचा हिशेब तर आणखी उदार. खण एक इंच पांच अष्टमांश, म्हणजे सुमारें ४१ मिलिमीटर उंच. आणि लॅपटॉपांतील डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची, पुढें तर सातच मिलिमीटरची.

जागा रिकामी आणि भाडेकरू बारीक, हें झालें एक कारण. पण चार लहान डिस्क एकत्र बसविण्यांत नुसत्या काटकसरीपलीकडे कांहीं अर्थ आहे, हें प्रथम नीट मांडलें तें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तिघां विद्वानांनीं: डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ. त्यांचा निबंध जून १९८८ मध्यें वाचला गेला. त्यांनीं एका बाजूस आय्. बी. एम्. ची चौदा इंची तबकड्यांची भली थोरली डिस्क ठेविली, आणि दुसऱ्या बाजूस कॉनरच्या कंपनीची साडेतीन इंची लहान डिस्क. हा कॉनर म्हणजे मघांचाच. सीगेटमधून निघून त्यानें आपलें निराळें दुकान मांडलें होतें. मोठीची आठवण ७,५०० मेगाबाइट आणि तिनें व्यापलेली जागा २४ घनफूट. धाकटीची आठवण १०० मेगाबाइट आणि जागा घनफुटाचे अवघे तीन शतांश. पंचाहत्तर धाकट्या एकत्र केल्या कीं मोठीएवढी आठवण होते, वीज कमी लागते, पैसा कमी लागतो, आणि पंचाहत्तर दांडे एकाच वेळीं हालत असल्यामुळें काम बारापट वेगानें होऊं शकतें.

मग मोठें यंत्र कोणी घ्यावेंच कशाला? या प्रश्नाचें उत्तर देतांना त्यांनीं जो हिशेब दिला तो मला फार प्रामाणिक वाटतो. धाकटी डिस्क सरासरीनें ३०,००० तास चालते असें तिचा कारखानदार म्हणतो. म्हणजे सुमारें साडेतीन वर्षें. अशा शंभर डिस्क एकत्र जुंपल्या, तर त्यांतील कोणती तरी एक बिघडण्यास सरासरीनें किती वेळ लागेल? ३०,००० भागिलें शंभर, तीनशें तास. पुरते दोन आठवडेहि नाहींत! माणसें वाढलीं कीं घरांत कोणी ना कोणी आजारी असावयाचेंच. आणि एकाच्या आजारानें सगळ्यांचें काम अडणार असेल, तर तें कुटुंब अविभक्त राहून उपयोग काय?

त्यांनीं सुचविलेला उपाय आपल्या कोणत्याहि पेढीवरच्या दिवाणजीला एका वाक्यांत पटेल. समजा, कापसाच्या तीन व्यापाऱ्यांच्या तीन वह्या आहेत. आजच्या तारखेला पहिल्याच्या वहींत ७ गांठी, दुसऱ्याच्या ५ आणि तिसऱ्याच्या ९ मांडल्या आहेत. चौथी एक वही ठेवा आणि तींत नुसती बेरीज लिहा: २१. आतां यांतील कोणतीहि एक वही वाळवीनें खाल्ली तरी हरकत नाहीं. दुसरी गेली? एकवीसांतून सात आणि नऊ वजा करा, पांच. खुद्द बेरजेची वही गेली, तर ती पुन्हां मांडतां येते. संगणकांत खऱ्या बेरजेऐवजीं सम-विषमाची खूण ठेवतात, आणि तीहि कोणा एकाच डिस्कवर न ठेवतां पाळीपाळीनें सर्वांवर वांटतात, म्हणजे एकीवरच भार पडत नाहीं. चार डिस्क असल्या तर तिहींची जागा कामाला येते आणि चौथीएवढी जागा जामीन म्हणून राहते. या पद्धतीला त्यांनीं 'रेड' असें नांव दिलें. त्या नांवांतील एका अक्षराचा अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढें कारखानदारांनीं तो 'स्वतंत्र' असा करून घेतला. आपला माल स्वस्त म्हणवून घेणें कोणाला आवडतें?

याच १९८८ च्या मार्च महिन्यांत आपल्या पुण्यांत सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली, आणि तिची धुरा अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेल्या विजय भटकर यांच्याकडे आली. आपल्याला हवा तो महासंगणक अमेरिका देईना, तेव्हां तो येथेंच करावयाचा असा निश्चय होता. त्यांनीं पत्करलेला मार्ग बर्कलीच्या मार्गाशीं विलक्षण जुळतो. एक अतिबलाढ्य यंत्र घडविण्याच्या फंदांत न पडतां, बाजारांत मिळणारे लहान लहान गणनाकण शेंकड्यानें एकमेकांस जोडावेत. १९९१ सालीं 'परम ८०००' उभा राहिला. एकानें आठवणीसाठीं केलें तें दुसऱ्यानें आकडेमोडीसाठीं केलें. दोघांना एकमेकांची खबर असण्याचें कारण नव्हतें. गरजवंताची अक्कल सगळीकडे एकाच वाटेनें चालते असें दिसतें.

खानदेशांत हे संगणक कसे आले, तें थोडक्यांत आटोपतों. नोव्हेंबर १९८४ च्या सरकारी धोरणानंतर आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि लहान संगणक हळूहळू जिल्ह्याच्या गांवीं दिसूं लागले. आमच्या धरणगांव तालुक्यांतील बांभोरीस अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालीं निघालेंच होतें; १५ ऑगस्ट १९९० रोजीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें, आणि गिरणेच्या अलीकडच्या त्या उजाड माळावर आमच्याकडचीं मुलें संगणक शिकूं लागलीं. पुढें बँका आल्या, छायाचित्रकार आले, कापसाच्या जिनांतील कचेऱ्या आल्या. नवे संगणक आले तसे जुनेहि सांठूं लागले. आणि जुन्यांच्या पोटांत धडधाकट, पण आठवणीनें कमी पडणाऱ्या डिस्क निपचित पडून राहिल्या. एका डिस्कनें काम भागत नसे, आणि नवी मोठी डिस्क घ्यावयास पैसे नसत. तेथूनच चौघींना एका खणांत घालण्याचा खटाटोप सुरू झाला.

आतां तो खटाटोप. अडीच इंची डिस्कची रुंदी पावणेतीन इंच. दोन शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे साडेपांच. खण पावणेसहा. उरला पाव इंच, त्यांत पिंजऱ्याच्या दोन बाजू आणि मधली भिंत बसवावयाची. साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या डिस्कचे दोन थर घातले तर चार डिस्क बसतात आणि मध्यें वारा खेळावयास जागा राहते. तीन थर घातले तर सहा. सात मिलिमीटरच्या असल्या तर चार थर घालून आठसुद्धां बसतात. असे तयार पिंजरे बाजारांत मिळत असत. लांबीकडे मात्र लोभ धरतां येत नाहीं. खण आठ इंच लांब आणि डिस्क चार इंच, तेव्हां मागें आणखी दोन घालाव्यात असें कोणासहि वाटेल. पण तारा जावयाच्या कोठून? त्या मागच्या जागेंत तारांचीं तोंडें आणि दीड इंचाचा एक लहानसा पंखा यांची सोय करावी लागते. ज्याला साडेतीन इंची डिस्कच बसवावयाच्या आहेत, त्याला एका खणांत एकच बसवितां येते. पण दोन खण एकत्र केले तर तीन मावतात, आणि तीन खण एकत्र करून डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तर पांच मावतात. दोनांत तीन आणि तिनांत पांच, हें गणित ऐकलें कीं मला आमच्या जिनांतले दाबाचे कारागीर आठवतात. सैल कापसाची केवढी रास, आणि दाबल्यावर गांठ केवढी!

तारांचाहि इतिहास आहे. पूर्वीं डिस्कला चाळीस तारांची चपटी पट्टी जोडीत. एका पट्टीवर दोनच डिस्क, आणि पट्टी हाताएवढी रुंद. चार डिस्क जोडल्या कीं पेटींत गोधडी कोंबल्यासारखें होई. २००३ च्या सुमारास बारीक तारेची 'साटा' पद्धत आली आणि प्रत्येक डिस्कला स्वतःची तार मिळाली. लहान डिस्कला वीजहि पांच व्होल्टांचीच पुरते. मोठीला पांच आणि बारा असे दोन्ही दाब लागतात. या दोन गोष्टी जुळल्या नसत्या तर एका खणांत चार बिऱ्हाडें हा प्रकार हौसेपुरताच राहता.

चार बिऱ्हाडें म्हटलीं कीं भांडणेंहि आलीं. पहिलें भांडण उकाड्याचें. डिस्क तापते, आणि तिच्या शेजारणीहि तापतात. तिच्या अंगाची उष्णता साठ अंशांच्या आंत असावी असें कारखानदार सांगतात. पुण्यास किंवा युरोपांत ही मर्यादा दूरची वाटेल. पण जळगांव-धरणगांवकडे वैशाखांत बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांवर जाते, आणि बंद पेटींत, चौघींच्या गर्दींत, उरलेले पंधरा अंश संपावयास कितीसा वेळ लागतो? दुसरें भांडण कंपाचें. आंतल्या तबकड्या मिनिटास पांच हजार चारशें फेरे घेतात, आणि माणसाच्या केसाच्या जाडींत मावतील अशा शेंकडों वर्तुळांपैकीं नेमक्या एकावर दांड्याचें टोंक धरून ठेवावयाचें असतें. शेजारीण थरथरली कीं हिचा नेम चुकतो. ब्रेंडन ग्रेग नांवाच्या अभियंत्यानें २००८ च्या अखेरीस एक चमत्कारिक प्रयोग चित्रित केला होता: डिस्कच्या रांगेपुढें तोंड नेऊन तो मोठ्यानें ओरडला, आणि डिस्कचें काम रेंगाळल्याचें समोरच्या आलेखावर ताबडतोब उमटलें. म्हणून चांगल्या पिंजऱ्यांत स्क्रूखालीं रबराच्या चकत्या घालतात. तिसरें भांडण विजेचें. बेरजेच्या वहीची पद्धत चांगली खरी, पण वहींत ५ चे ६ केले आणि बेरीज २१ ची २२ करण्याच्या आधींच दिवा गेला, तर? मग ती बेरीजच खोटी होऊन बसते, आणि ज्या दिवशीं तिची गरज पडेल त्या दिवशीं ती खोटी साक्ष देते. ज्यांनीं महाराष्ट्रांतील भारनियमनाचीं वर्षें काढलीं आहेत त्यांना या धोक्याचें वर्णन करून सांगावयास नको.

आमच्या घरीं जें झालें त्यांत मात्र बेरजेच्या वहीचा प्रश्नच आला नाहीं. कारण ती वही आम्हीं ठेविलीच नव्हती. पुतण्यानें चारहि डिस्क मिळून एकच मोठी डिस्क दिसावी अशी योजना केली होती, आणि जामिनाची जागा वाचविली होती. प्रत्येक गाण्याचे तुकडे होऊन ते चौघींवर वांटले जात. तेव्हां मला यांतलें कांहीं कळत नव्हतें. चार घोडे जुंपलेल्या गाडीचा जोर वाढतो, एवढेंच मीं ऐकलें होतें. बर्कलीकरांचा भागाकार मी पुढें शिकलों. तीस हजार भागिलें चार, साडेसात हजार तास. दिवसरात्र चालविली तर सुमारें सव्वादहा महिने. आणि ह्या डिस्क तर आधींच दुसऱ्याच्या घरीं म्हाताऱ्या झालेल्या. मे महिन्यांतल्या एका दुपारीं खणांतून टक्-टक् असा आवाज येऊं लागला, आणि संध्याकाळपर्यंत एक डिस्क थांबली. उरलेल्या तिघी धडधाकट होत्या. पण प्रत्येक ओवीचा चौथा तुकडा गेला होता, आणि तीन तुकड्यांतून एकहि ओवी उभी राहीना.

मूळ कॅसेटी वाजवून पाहिल्या. पांच-सहा जेमतेम वाजल्या. मग मी वही घेऊन पुन्हां त्याच खेड्यांतून फिरलों. सव्विसांपैकीं अकरा जणी निवर्तल्या होत्या. ज्या होत्या त्यांतल्या कित्येकींना जुनें आठवेना, कारण जातें जाऊन गिरणी आल्याला पिढी लोटली होती, आणि हाताला जात्याचा खुंटा नसला कीं ओवी ओठांवर येत नाहीं असें त्या स्वतःच सांगत. एक आजी मला ओळखून म्हणाली, "आते मना गळा राहिना नही, भाऊ." तिनें गायिलेलें माझ्याजवळ होतें, आणि तें मीं घालविलें, हें मला तिला सांगवलें नाहीं. एकूण नऊ जणींचे आवाज पुन्हां मिळाले.

अशा वेळीं आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची आठवण होणें अपरिहार्य आहे. त्या निरक्षर होत्या. त्यांच्या तोंडून निघालेल्या ओळी घरच्यांनीं टिपून ठेविल्या म्हणून वांचल्या, आणि त्यांचें पुस्तक निघालें तें १९५२ सालीं, म्हणजे त्या गेल्यानंतर. घरांतल्या कोणाच्या हातून लिहून ठेवण्याचा कंटाळा झाला असता तर आज त्या विद्यापीठाला द्यावयास हें नांव उरलें नसतें. टिपून ठेवणें आणि टिपलेलें सांभाळणें या दोन निरनिराळ्या चाकऱ्या आहेत. मीं पहिली केली होती.

त्यानंतर आमचा खण पुतण्यानें पुन्हां लावला. या खेपेस डिस्क नव्या घेतल्या; जुन्या काढलेल्या कितीहि धडधाकट दिसोत, त्यांना घरांत घेतलें नाहीं. चौथीची जागा बेरजेसाठीं दिली. पंखा मोठा बसविला, रबराच्या चकत्या घातल्या, आणि वीज गेली तरी संगणक व्यवस्थित बंद होईल एवढा वेळ देणारी बॅटरी जोडली. एवढें झाल्यावर मी निश्चिंत झालों, तेव्हां त्यानेंच मला जागें केलें. "काका, ही प्रत नव्हे," तो म्हणाला. "तुम्हीं चुकून एखादें गाणें पुसलें, तर चौघीहि तें मोठ्या इमानानें विसरतील." जामीन हा एका डिस्कच्या मरणाला असतो, मालकाच्या चुकीला, चोराला किंवा आगीला नसतो. हें वाक्य त्या वेळीं मला थोडें झोंबलें, पण त्यांत खोट काढतां येईना.

आतां हा सारा प्रकारच मागें पडत चालला आहे. फिरणाऱ्या तबकडीच्या जागीं न फिरणारी, विजेच्या कणांत आठवण धरणारी सॉलिड स्टेट डिस्क आली. तिच्यांत दांडा नाहीं, कणा नाहीं, थरथर नाहीं. तरीहि पहिलीं कित्येक वर्षें ती अडीच इंची पेटींतच घालून विकली गेली, कारण घरोघरीं खण त्या मापाचे होते. आंतून तिची पेटी अर्धीअधिक रिकामी असे! पुढें तर च्युइंगमच्या कांडीएवढ्या पट्ट्या निघाल्या, त्या थेट संगणकाच्या मुख्य पाटीवरच बसतात. नव्या पेट्यांच्या दर्शनी भागांत बहुधा कांच असते, पंखे असतात, रंगीत दिवे असतात. सवापांच इंची खण क्वचितच सांपडतो. ज्या फ्लॉपीसाठीं तो पाडला गेला, ती आजच्या मुलांनीं पाहिलेलीहि नाहीं.

आमची जुनी पेटी मात्र अजून चालू आहे, आणि तिच्या खणांत चौघी नांदत आहेत. मधल्या काळांत एक गेली. तिच्या जागीं दुसरी बसविली, आणि बाकीच्या तिघींनीं बेरीज-वजाबाकी करून एका रात्रींत तिचा सगळा पाठ तिला पढविला. गाण्यांची आणखी एक प्रत एका सुट्या डिस्कवर असते. ती आमच्या घरीं नसते. जळगांवला माझ्या बहिणीच्या कपाटांत, लुगड्यांच्या घडीखालीं असते. दर भाऊबिजेस मी जातों तेव्हां ताजी प्रत नेतों आणि जुनी घेऊन येतों. ओंवाळून झाल्यावर ती पहिल्यानें डिस्क मागते, ओंवाळणीचें मागाहून.